जर्मनीत ट्रक चालवायला नुसतं लायसन पुरत नाही म्हणे! कोड ९५, सीपीसी वगैरे

खटावची_माती
मंडळी, जरा माहिती हवी होती. माझा मावसभाऊ चौदा टायर चालवतो, लाईन सातारा-चेन्नई. वय सव्वीस. दहावी नापास, पण गाडी त्याचं ऐकते. आता त्याच्या डोक्यात जर्मनी बसलीय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्या यादीत नर्स, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर बस, ट्राम आणि ट्रकचे ड्रायव्हरही होते. पहिल्या टप्प्यात दहा हजार माणसं, जर्मन भाषा फुकट शिकवणार, असं तेव्हा जाहीर झालं होतं. तेव्हापासून पठ्ठ्या धाब्यावर जेवताना मोबाइलवर 'गुटेन टाग' ऐकत बसतो.

आता कुणीतरी त्याला सांगितलं की तिथे लायसन नव्याने काढावं लागतंच, वर १४० तासांचा वर्ग आणि परीक्षा. मग कार्डावर ९५ हा आकडा छापून येतो. तो नसेल तर पगारी गाडीला हात लावायचा नाही. आणि एवढं करूनही दर पाच वर्षांनी पुन्हा वर्ग. भाऊ विचारतो, "मला गाडी येते ना? मग पुन्हा पुन्हा काय शिकवणार?" मलाही हा संस्थांच्या पोटापाण्याचा धंदा वाटतो. तिकडे कुणी असेल तर खरं काय ते सांगा.

कटिंग_मारके
आपल्याकडे लायसन तरी कशाला लागतं, असा धागा काढा. शंभरी एका दिवसात. तोवर मी शेंगदाणे घेऊन बसतो.

नेकारकाठचा
हाइलब्रॉनजवळ एका मालवाहतूक कंपनीत डिस्पॅचला आहे, रोज ड्रायव्हरांशीच गाठ असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची माहिती बरोबर आहे, पण धंद्याचं म्हणाल तर तसं नाही. युरोपियन युनियनचा २००३ चा एक निर्देश आहे. बसवाल्यांना तो सप्टेंबर २००८ पासून लागला, ट्रकवाल्यांना सप्टेंबर २००९ पासून. थोडक्यात, लायसन गाडी चालवण्याचं आणि ९५ म्हणजे त्या गाडीवर पोट भरण्याची परवानगी. स्वतःचं घरसामान स्वतः हलवणाऱ्याला तो आकडा लागत नाही, पगारी ड्रायव्हरला लागतो.

जर्मनीत तो मिळवायचे तीन रस्ते. एक, तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे आपल्या आयटीआयसारखं पण कंपनीत राहून. त्यात गाडीची दुरुस्ती, हिशेब, कागदपत्रं सगळं येतं. दोन, वर्गाला न बसता थेट मोठी परीक्षा द्यायची. त्यात लांबलचक लेखी आणि प्रत्यक्ष चालवणं दोन्ही. त्या वाटेला फारसं कुणी जात नाही. तीन, तुमच्या भावाला कुणी सांगितला तो 'वेगवान' रस्ता: १४० तासांचा वर्ग, त्यातले दहा तास स्टिअरिंगवर, आणि शेवटी आयएचके म्हणजे तिथल्या उद्योग-व्यापार मंडळाची लेखी परीक्षा. त्यानंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी. पूर्वी ९५ लायसनवरच छापत. मे २०२१ पासून ड्रायव्हरच्या पात्रतेचं वेगळं कार्ड आलंय.

आता "गाडी येते ना" बद्दल. गाडी येणं हा त्या वर्गाचा विषयच नाही. एकच उदाहरण देतो. माल बांधायच्या पट्ट्याला इथे एक निळं लेबल शिवलेलं असतं. पट्टा किती ओढ सहन करतो, रॅचेट म्हणजे पट्टा आवळायची कळ हाताने ओढल्यावर किती ताण बसतो, हे आकडे त्यावर. लेबल फाटलं किंवा वाचता येईना की पट्टा बाद, मग तो कितीही नवा दिसो. हायवेवर पोलीस गाडी बाजूला घेतात, मागचा पडदा उघडतात आणि पट्टे मोजतात. अमुक वजनाच्या मालाला तमुक पट्टे हवेत, कमी निघाले तर गाडी तिथेच उभी. माल हलून गाडी उलटली तर ज्याने भरला तो आणि ज्याने चालवली तो, दोघेही अडकतात. हा हिशेब चौदा टायर कितीही वर्षं चालवून आपोआप येत नाही. तो कुणीतरी बसवून शिकवावा लागतो.

लेस्टरचा_लेले
नेकारकाठचा यांनी बाजू छान मांडली, आता दुसरी बाजू ऐका. मी इंग्लंडात बस चालवतो. आमच्याकडे याला सीपीसी म्हणतात, म्हणजे ड्रायव्हरच्या व्यावसायिक पात्रतेचं प्रमाणपत्र. आकडा तोच: पाच वर्षांत ३५ तास, सात-सात तासांचे दिवस. आणि उजळणीच्या शेवटी परीक्षा नाही! हजेरी लावा, चहा-बिस्किटं खा, घरी जा. एकच वर्ग पाच वेळा करून ३५ तास भरणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. एकाने प्रथमोपचाराचा वर्ग इतक्या वेळा केला होता की आम्ही त्याला 'डॉक्टर' म्हणायचो.

सुरुवातीची परीक्षा मात्र खरी असते, तिला नावं ठेवणार नाही. चार भाग असतात: लेखी आणि व्हिडिओतला धोका ओळखणं, प्रसंग देऊन प्रश्न, प्रत्यक्ष चालवणं, आणि चौथ्यात गाडीभोवती फिरून दाखवायचं की टायर, दिवे, माल, आरसे, आत कुणी लपलंय का, हे सगळं तू कसं तपासशील. हा चौथा भाग मला सगळ्यात आवडला. तोंडाने बोलत बोलत हात लावून दाखवावं लागतं.

उजळणीचं दुखणं वेगळं आहे. पैसे आणि रजा कुणाची? चांगली कंपनी पगारी दिवस देते, बाकीच्यांत आपली सुट्टी आपला खिसा. जुन्या लोकांना सुरुवातीची परीक्षा माफ होती, पण ३५ तास माफ नव्हते. २०१३-१४ मध्ये पहिली मुदत संपली तेव्हा साठीतल्या कितीतरी जणांनी "मला आता बसायला शिकवणार का?" म्हणत काम सोडलं. मग २०२१ मध्ये ड्रायव्हर मिळेनात, पेट्रोल पंपांवर रांगा, टँकर चालवायला लष्कर. कारणं बरीच होती, ब्रेक्झिट, कोविडमध्ये थांबलेल्या परीक्षा, पण सीपीसीलाही लोकांनी शिव्या घातल्याच. शेवटी डिसेंबर २०२४ पासून देशांतर्गत चालवणाऱ्यांसाठी नियम सैल केले, साडेतीन-साडेतीन तासांचे तुकडे चालतात.

खटावची_माती
लेलेसाहेब, म्हणजे माझं म्हणणं अर्धं तरी खरं ना?

लेस्टरचा_लेले
पाव.

गाडीमालक_कराड
माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, म्हणून बोलतो. हे सगळं वाचायला छान आहे. आपल्याकडे उद्या ३५ तास सक्तीचे केले तर काय होईल सांगू? आरटीओच्या बाहेर छत्रीखाली बसलेला एजंट ३५ तासांचं सर्टिफिकेट ३५ मिनिटांत देईल. ड्रायव्हर म्हणेल पाच दिवस गाडी उभी, माझा भत्ता कोण देणार? मी म्हणेन माझा हप्ता कोण भरणार? आधीच ड्रायव्हर मिळत नाहीत. पूर्वी पोरगं किन्नर म्हणजे क्लीनर म्हणून लागायचं, चार वर्षं उस्तादच्या हाताखाली टायर बदलत, ताडपत्री बांधत शिकायचं. आता किन्नरच कुणी ठेवत नाही, परवडत नाही. शिकण्याची ती शाळाच बंद पडली.

कटिंग_मारके
३५ मिनिटं? एवढा उशीर? आमच्याकडे चहा येईपर्यंत होतं.

मुक्कामी_गाडी
एसटीतून निवृत्त झालो. आयुष्य कोकण आणि घाटात गेलं. मी प्रशिक्षणाच्या बाजूने आहे, कारण आम्हाला ते मिळालं. भरतीला अवजड वाहनाचं लायसन, अनुभव, बॅज हे सगळं असूनही महामंडळाने आधी शिकाऊ म्हणून बसवलं. भोसरीला प्रशिक्षण संस्था आहे, विभागातही वर्ग होत. डिझेलचा केएमपीएल म्हणजे लिटरमागे किलोमीटर कमी पडले किंवा ठोकली की पुन्हा वर्गाला. तेव्हा राग यायचा.

उस्तादच्या हाताखाली शिकतात हे मान्य, पण उस्ताद चुकीचंही शिकवतो. पुण्याचा नवले पूल बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे पन्नासएक गाड्या चिरडल्या. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं तपासात आलं. का सोडतात? डिझेल वाचतं म्हणून. कुणी शिकवलं? उस्तादने. तो त्याच्या काळात वाचवत असेल, पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून खाली तो उतार किलोमीटरच्या किलोमीटर संपत नाही आणि मागे वीस-पंचवीस टन ढकलत असतात.

इंजिन बंद केलं की काय होतं ते सांगतो, लहान गाडीवाल्यांना कल्पना नसते. अवजड गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. हवा भरतो कंप्रेसर, कंप्रेसर चालतो इंजिनवर. इंजिन बंद, म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा. ब्रेक पंप करत गेलं की काटा खाली येतो, मग बझर वाजतो. स्टिअरिंगही दगड होतं, कारण त्याचा पंपही इंजिनवरच. आणि सारखा ब्रेक दाबून ब्रेकचा लायनर तापला की जळका वास येतो, पेडल आहे तिथेच असतं पण गाडी थांबत नाही. आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं: ज्या गिअरवर चढशील त्याच गिअरवर उतर, इंजिनाच्या जोरावर गाडी आवरणारा एक्झॉस्ट ब्रेक आधी, पायाचा ब्रेक नंतर. एवढं वाक्य त्या ट्रकवाल्याला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर? याला ३५ तास नकोत, एक दुपार पुरे. पण ती दुपार कुणीतरी द्यायला हवी.

सीमा_व
काका, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका.

पानेवाडी_टँकर
मुक्कामी काकांशी शंभर टक्के सहमत. आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाहीये. आपल्याकडे सीपीसी आहे! फक्त टँकरवाल्यांना आहे. पेट्रोल, गॅस, ॲसिड असा धोकादायक माल नेणाऱ्याला केंद्रीय मोटार वाहन नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचा कोर्स करावा लागतो, त्याशिवाय लायसनवर शिक्का पडत नाही. त्या शिक्क्याची मुदतही कमी. पूर्वी वर्षाची होती, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांची झाली, आणि नूतनीकरणाला एक दिवसाचा रिफ्रेशर. म्हणजे तत्त्व कायद्याने कधीच मान्य केलंय: काही गाड्या चालवायला नुसतं चालवता येणं पुरत नाही.

त्या तीन दिवसांत काय होतं? मनमाडजवळच्या आमच्या लायनीत चांगला मास्तर मिळाला तर ट्रेम कार्ड (मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेलं कार्ड) कसं वाचायचं, टँकरवरच्या पाटीवरच्या आकड्यांचा अर्थ काय, गळती लागली तर वारा कुठून येतोय ते आधी बघायचं आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं, हे शिकवतो. वाईट मिळाला तर पंख्याखाली झोप. पण वारा बघायची सवय मला त्या वर्गानेच लावली. रस्त्यावर टँकर उलटला की लोक बादल्या घेऊन पेट्रोल भरायला धावतात, ते बघून आजही अंगावर काटा येतो.

नेकारकाठचा
इथेही धोकादायक मालाचं प्रमाणपत्र वेगळं, एडीआर नावाचं. तेही पाच वर्षांनी पुन्हा. तुमच्या भावाकडे टँकरचा शिक्का असेल तर ते मुद्दाम सांगा, मालकाला आवडेल. प्रमाणपत्र मात्र इथलंच लागेल.

गाडीमालक_कराड
पानेवाडी भाऊ, टँकरवाल्याच्या मागे तेल कंपनी उभी असते. ती गेटवर कागद नसेल तर गाडी आत घेत नाही. माझ्या उसाच्या आणि सिमेंटच्या गाडीला गेटवर कोण विचारतंय? विचारतात ते वजनकाट्यावर, आणि तिथे काय विचारतात ते इथे लिहीत नाही.

रात्रपाळी
माझे मिस्टर कंटेनरवर आहेत, जेएनपीटी ते नागपूर. सगळे मोठे मोठे वर्ग सांगताय. त्यांना झोपायला कोण शिकवणार? मालकाचा फोन रात्री दोनला येतो, "कुठवर आलास?" मग पुन्हा चारला. समृद्धीवर रस्ता सरळ, डोळा लागायला वेळ लागत नाही. वर्गात झोपेचं महत्त्व सांगतील आणि बाहेर आल्यावर तोच फोन. मग शिकून उपयोग काय?

लेस्टरचा_लेले
रात्रपाळी ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मघाशी मी सीपीसीची चेष्टा केली, पण ती इथे कशाच्या जिवावर चालते ते सांगायचं राहिलं. टॅकोग्राफ. गाडीत डबा असतो, त्यात ड्रायव्हरचं कार्ड. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती. दिवसाला नऊ तास, आठवड्यातून दोनदा दहा चालतात. आठवड्याला ५६, सलग दोन आठवड्यांत मिळून ९०, त्यावर नाही. लॉरीला आणि लांब पल्ल्याच्या बसला हे लागू. माझ्यासारख्या शहरातल्या बसवाल्याचे नियम वेगळे. वर्गात हेच शिकवतात आणि डब्यात हेच नोंदवलं जातं, म्हणून शिकलेलं टिकतं. मालकाने रात्री दोनला फोन केला तर ड्रायव्हर म्हणतो, "कार्ड लाल झालंय." मालक गप्प. कारण दंड त्यालाही आहे, आणि त्याचा परवानाही जाऊ शकतो.

मुक्कामी_गाडी
ताई, कायदा आपल्याकडेही आहे. आधी मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्ट, १९६१ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. मोटार वाहन कायद्यातही त्याचा हवाला आहे. फक्त डबा नाही, त्यामुळे मोजतो कोण?

गाडीमालक_कराड
आठ तासांत सातारा-चेन्नई? मग भाडं दुप्पट करा आणि कांदा दुप्पट भावाने घ्या. आम्ही तयार आहोत.

रात्रपाळी
दोन ड्रायव्हर ठेवा की साहेब. पूर्वी ठेवायचेच ना?

गाडीमालक_कराड
ताई, दुसरा मिळाला तर आजच ठेवतो. खरंच सांगतो.

स्टिअरिंग_सांगली
ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. नियमाप्रमाणे अवजड वाहनाचं प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि त्यात किमान पंधरा तास प्रत्यक्ष चालवणं. कागदावर. प्रत्यक्षात पोरगं येतं तेव्हा त्याला गाडी आधीच येत असते, त्याला फक्त फॉर्म ५ वर, म्हणजे प्रशिक्षणाच्या दाखल्यावर, सही हवी असते. चारपैकी तीन शाळा ती देतात, हे मीच सांगतो. जी देत नाही तिच्याकडे गिऱ्हाईक येत नाही.

जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तास, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक. तिथून पास झाला तर आरटीओची चाचणी माफ. कल्पना चांगली आहे. पण जागा, ट्रॅक, सिम्युलेटर म्हणजे पैसा, माझ्यासारख्याला झेपत नाही. पुण्यात नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी म्हणजे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, १९६७ पासूनची संस्था, त्यांच्याकडे ड्रायव्हिंगचं मोठं केंद्र आहे. धागाकर्त्याच्या भावाने जायच्या आधी तिथे एक चक्कर टाकावी असं माझं मत.

कायद्याचं_बोला
थोडं अवांतर. सगळे अवजडबद्दल बोलताहेत, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन असलेला माणूस साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. म्हणजे टेम्पोवाल्याला बॅजचीही गरज नाही. प्रशिक्षणाच्या बाबतीत आपण उलट दिशेने चाललोय का?

स्टिअरिंग_सांगली
तो निकाल मुळात विम्याच्या वादातला आहे. अपघात झाल्यावर "ड्रायव्हरकडे योग्य लायसन नव्हतं" म्हणून विमा कंपन्या हात वर करत होत्या. मरणाऱ्याच्या घरच्यांच्या दृष्टीने निकाल बरोबरच आहे.

कायद्याचं_बोला
मेल्यावर पैसे मिळण्याची सोय झाली, मरू नये याची नाही. असो.

सीमा_व
कुर्ला विसरलात का? डिसेंबर २०२४. बेस्टची भाड्याने घेतलेली इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, किती माणसं गेली. चालकाला इलेक्ट्रिक बसचा सराव किती दिला होता, यावरून तेव्हा केवढा गदारोळ झाला. मला त्यातलं तांत्रिक कळत नाही. डिझेलची बस येणाऱ्याला विजेची वेगळी शिकावी लागते का?

लेस्टरचा_लेले
सीमाताई, लागते. माझ्या डेपोत इलेक्ट्रिक आल्या तेव्हा जुन्या जुन्या लोकांनाही आधी रिकामी बस घेऊन फिरवलं. क्लच नाही, गिअर नाही, इंजिनाचा आवाज नाही. डिझेलमध्ये आवाजावरून कळतं गाडी किती जोर करतेय. इथे पाय ठेवला की पूर्ण ओढ पहिल्या क्षणापासून. पाय उचलला की गाडी स्वतःच आवरते, त्यामुळे ब्रेकची सवय बदलते. गोंधळात पाय चुकला तर विचार करायला वेळ मिळत नाही. कुर्ल्यात नक्की काय झालं त्यावर मी बोलणार नाही, ते तपास आणि कोर्ट बघेल. पण नव्या प्रकारची गाडी देताना कंत्राटात प्रशिक्षणाचे तास लिहिले पाहिजेत, हे माझं ठाम मत.

कटिंग_मारके
धागा जर्मनीहून कुर्ल्याला पोचला. पुढचा थांबा?

मुक्कामी_गाडी
पुढचा थांबा शिक्षण. २०१९ पर्यंत ट्रान्सपोर्ट लायसनला आठवी पासची अट होती, ती काढली. तेव्हा बऱ्याच शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली. मला अट काढली ते पटलं. माझ्या डेपोत निरक्षर म्हणता येईल असा एक जुना चालक होता, त्याच्यासारखी गाडी कुणी चालवत नव्हतं. पण अट काढताना सरकारने म्हटलं होतं की शिक्षणाऐवजी प्रशिक्षण आणि कौशल्य कडक तपासू. ते कडक तपासणं कुठे दिसतंय का कुणाला?

गाडीमालक_कराड
काका, इथे मात्र तुमच्याशी हात मिळवतो. आठवी पास पोरगं नको, घाट उतरता येणारं द्या.

पानेवाडी_टँकर
मालक, मग तुमच्याच गाड्यांवरच्या पोरांना एक दुपार द्या ना. काकांना बोलवा कराडला. सर्टिफिकेट नको, एजंट नको, सरकार नको. एक दुपार, जेवण तुमच्याकडून.

गाडीमालक_कराड
काका येत असतील तर दिली. गाड्या नाहीतरी अमावास्येला उभ्याच असतात. मटण नाही मिळणार त्या दिवशी, आधीच सांगतो.

मुक्कामी_गाडी
पिठलं-भाकरी चालेल. व्यक्तिगत निरोपात नंबर टाका. मात्र गाडी लोड असलेली हवी, रिकाम्या गाडीवर उतार शिकवता येत नाही.

खटावची_माती
बापरे, दोन दिवस नेट नव्हतं, इथे एवढं झालं! भावाला सगळा धागा वाचून दाखवला. नवले पुलावर तो गप्प झाला. म्हणाला, उतारावर न्यूट्रल मीही टाकतो, सगळेच टाकतात. आणि निळ्या लेबलावर त्याने चार प्रश्न विचारले, मला एकाचंही उत्तर आलं नाही.

माझा प्रश्न मात्र राहिलाच. नेकारकाठचा, त्याने नक्की आधी काय करायचं? इथला एक एजंट मोठी रक्कम मागतोय, म्हणतो भारतीय लायसनवर थेट गाडी मिळेल.

नेकारकाठचा
त्या एजंटाला पैसे देऊ नका. भारतीय लायसन इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, त्यानंतर नाही, आणि आपल्या लायसनवर परीक्षेची माफीही नाही: लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही द्याव्या लागतात. लायसनची लेखी परीक्षा जर्मनशिवाय बारा भाषांत देता येते, त्यात इंग्रजी, अरबी, तुर्की आहेत. हिंदी किंवा मराठी नाही. सहा महिन्यांच्या आतसुद्धा ९५ शिवाय पगारी ट्रक नाहीच. त्यामुळे 'थेट गाडी' ही थाप आहे.

सरळ मार्ग असा. आधी भाषा. डेपोतला माणूस रॅम्पवरून ओरडून सांगतो कुठल्या दारावर गाडी लाव, तिथे गुगल उघडायला वेळ नसतो. मग कंपनी शोधायची, जी स्वतः लायसन आणि १४० तासांचा खर्च करायला तयार आहे. अशा आहेत, कारण ड्रायव्हर इथेही कमी आहेत. परदेशी ड्रायव्हरांसाठी इथल्या रोजगार नियमांत वेगळी तरतूद आहे: कंपनीने करार दिला असेल तर लायसन आणि पात्रता मिळवण्याच्या काळात जास्तीत जास्त पंधरा महिने तिच्याकडेच काम करता येतं, ड्रायव्हर म्हणून नव्हे, गोदामात वगैरे. करारात नीट वाचा की मध्येच सोडलं तर खर्च कोणाच्या डोक्यावर आणि किती वर्षं बांधून घेतलंय. आमच्या ओळखीत एकजण याच कलमात अडकला.

आणि पुढेमागे ट्रकवरून बसवर जायचं झालं तर बसचं लायसन वेगळं काढावं लागेल, पण १४० तास पुन्हा नाहीत, आधीचं ९५ धरून ३५ तासांत भागतं.

लेस्टरचा_लेले
आणि डोळे तपासून घ्या आधी. ट्रकच्या वर्गाला मेडिकल लागतं, रातांधळेपणा वगैरे निघाला तर भाषेपासूनचा सगळा खर्च पाण्यात. आमच्याकडे एकाचं तसं झालं.

नेकारकाठचा
लेले, हे मी विसरलोच होतो. बरोबर. डोळ्यांची तपासणी आणि मेडिकल दोन्ही, आणि ट्रकचं लायसन पाच वर्षांचंच असल्याने दर नूतनीकरणाला पुन्हा.

खटावची_माती
चष्मा आहे त्याला. चालतो का? की गेलं जर्मनी?

नेकारकाठचा
चष्मा चालतो. लायसनवर तशी नोंद होते, आणि गाडीत चष्मा नसेल तर दंड.

कटिंग_मारके
म्हणजे भाऊ जर्मनीला गेला तर कार्डावर ९५ आणि चष्मा दोन्ही. शुभेच्छा! काका, कराडच्या दुपारीला मी पण येऊ का? माझ्याकडे स्कूटर आहे, पण पिठलं खाण्याचा अनुभव दांडगा आहे.

मुक्कामी_गाडी
या. स्कूटरपण न्यूट्रलमध्ये उतरवू नका.